जामखेड ते दिल्ली : आरोग्य संशोधनाचा धोरणावरील प्रभाव कसा मोजावा?

बाळ जन्मून तीन दिवस झाले की गावातील आशा कार्यकर्ती त्या घरी जाते. ती हात स्वच्छ धुते, झोळीच्या काट्यावर बाळाचे वजन करते, ताप पाहते, श्वास मोजते आणि बाळाला ऊब कशी द्यावी हे आईला समजावून सांगते. त्यानंतर सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या व बेचाळिसाव्या दिवशी ती पुन्हा येते. प्रसूती घरीच झालेली असेल तर पहिल्या दिवशीही तिने जावे, असा नियम आहे. ग्रामपंचायतीच्या सदस्यांना आणि शिक्षकांना हे दृश्य आता परिचयाचे झाले आहे. एखाद्या परिपत्रकानुसार चाललेले हे काम आहे, असेच ते पाहणाऱ्यास वाटते.

परंतु या परिपत्रकामागे महाराष्ट्राच्या दोन टोकांवरील दोन तालुक्यांत झालेले दीर्घकाळचे काम आहे. गावातीलच स्त्री गावाच्या आरोग्याची राखण करू शकते, हे अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातील जामखेड येथे १९७० नंतर दिसून आले. अशी स्त्री नवजात बालकाचे प्राणही वाचवू शकते, हे गडचिरोली येथील संशोधनाने १९९९ मध्ये आकडेवारीनिशी सिद्ध केले. संशोधनातून धोरण घडते असे आपण सहज म्हणतो. पण ते किती घडले, कोणत्या मार्गाने घडले आणि मूळ कल्पनेतील किती भाग धोरणात उतरला, हे मोजायचे कसे? संशोधनावर सार्वजनिक पैसा खर्च होतो आणि धोरणावर लोकांचे जीवित अवलंबून असते. म्हणूनच हा प्रश्न केवळ विद्वानांच्या चर्चेचा राहत नाही. जामखेडच्या उदाहरणावरून तो अधिक स्पष्ट होऊ शकेल.

जामखेडचा प्रारंभ

जामखेड हा जिल्ह्याच्या आग्नेय टोकाचा, बीड व धाराशिव जिल्ह्यांच्या सीमेलगतचा अवर्षणप्रवण तालुका. डॉ. रजनीकांत आरोळे व डॉ. मेबल आरोळे या दाम्पत्याने १९७० मध्ये येथे सर्वंकष ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. दोघांचेही वैद्यकीय शिक्षण वेल्लोर येथे झाले होते. याच जिल्ह्यातील वडाळा येथील मिशन रुग्णालयात काही वर्षे काम करताना एक गोष्ट त्यांच्या ध्यानात आली. रुग्णालयात येणारे बहुसंख्य आजार टाळता येण्याजोगे होते आणि बरा होऊन गेलेला रुग्ण त्याच आजाराने पुन्हा परत येत होता. अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेऊन परतल्यावर त्यांनी रुग्णालयाऐवजी गाव हा कामाचा केंद्रबिंदू मानला.

प्रारंभी गावोगावी परिचारिका नेमाव्यात, असा विचार होता. तो यशस्वी झाला नाही. शिकलेल्या परिचारिका खेड्यात मुक्काम करण्यास तयार नसत आणि बाहेरून आलेल्या तरुण मुलीचा सल्ला गावातील वडीलधाऱ्या स्त्रिया मानीत नसत. तेव्हा गावाने आपल्यातीलच एक स्त्री निवडून द्यावी आणि तिला प्रशिक्षण द्यावे, असा मार्ग निघाला. निवडल्या गेलेल्या स्त्रियांपैकी अनेक जणी निरक्षर होत्या, कित्येक दलित कुटुंबांतील होत्या. त्या दर आठवड्याला जामखेडला येत, शिकत आणि गावी परतून तेच इतरांना सांगत. बाळंतपणातील स्वच्छता, अतिसार झालेल्या मुलाला द्यावयाचे मीठ-साखर-पाणी, लसीकरण, कुटुंबनियोजन, क्षयरोग व कुष्ठरोगाची लवकर ओळख हे त्यांच्या कामाचे विषय होते. शेतकरी मंडळे व महिला मंडळे त्यांच्या पाठीशी उभी राहिली. आरोग्याचा प्रश्न पाण्यापासून, अन्नापासून आणि गावातील विषमतेपासून वेगळा काढता येत नाही, ही या प्रकल्पाची मूळ भूमिका होती.

आकडा आणि पुरावा

प्रकल्पाच्या नोंदींनुसार १९७१ मध्ये या गावांतील अर्भक मृत्युदर दर हजार जिवंत जन्मांमागे १७६ होता. १९९० च्या दशकात तो तिशीच्या आत आला. हा बदल फार मोठा आहे. तरीही धोरणकर्त्याने येथे एक प्रश्न विचारला पाहिजे. याच काळात सर्व महाराष्ट्रात बालमृत्यू कमी होत होते. रस्ते झाले, लसी आल्या, शाळा वाढल्या. मग या घटीतील किती भाग प्रकल्पाचा आणि किती भाग काळाचा?

या प्रश्नाचे उत्तर तुलनेवाचून मिळत नाही. प्रकल्पाची गावे आणि त्यांच्याशी साधर्म्य असलेली, पण प्रकल्पाबाहेरची गावे घेऊन एक अभ्यास करण्यात आला. तो जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. जन्मानंतरचा पहिला महिना उलटलेल्या बालकांमध्ये, पाच वर्षांच्या वयापर्यंत मृत्यूचा धोका प्रकल्पाच्या गावांत सुमारे ३० टक्क्यांनी कमी आढळला. संख्याशास्त्राच्या हिशेबाने ही घट ६ ते ४९ टक्क्यांच्या दरम्यान असू शकते. १७६ वरून तिशीच्या आत, या आकड्यांच्या शेजारी ३० टक्के हा आकडा लहान वाटेल. परंतु पहिले आकडे एकूण बदल सांगतात, तर दुसरा प्रकल्पामुळे पडलेला फरक सांगण्याचा प्रयत्न करतो. धोरणासाठी दुसऱ्या प्रकारच्या आकड्याचे मोल अधिक आहे.

एकेका गावाच्या आकड्यावरून निष्कर्ष का काढता येत नाही, हेही येथे समजून घेण्यासारखे आहे. समजा, एखाद्या गावात वर्षाला पंचवीस बालके जन्मतात. त्यांपैकी एक दगावले तर मृत्युदर हजारी ४० होतो, दोन दगावली तर ८० आणि एकही दगावले नाही तर शून्य. एका बालकाच्या जगण्या-मरण्याने आकडा एवढा हेलकावे खात असेल, तर एका वर्षाच्या शून्यावरून शाबासकी देणे किंवा ८० वरून ठपका ठेवणे दोन्हीही चुकीचे ठरेल. त्यासाठी अनेक गावे आणि अनेक वर्षे एकत्र पाहावी लागतात. प्रत्येक मृत्यूची चौकशी मात्र स्वतंत्रपणे झाली पाहिजे.

धोरणापर्यंतचा प्रवास

जामखेडचे काम सुरू होऊन पाच वर्षे झाली तोच त्याची दखल जगाने घेतली. जागतिक आरोग्य संघटनेने १९७५ मध्ये केनेथ न्यूएल यांनी संपादित केलेले ‘हेल्थ बाय द पीपल’ हे पुस्तक प्रसिद्ध केले. चीन, क्यूबा, टांझानिया आदी देशांतील अनुभवांबरोबर त्यात जामखेडवरील प्रकरण आहे व ते आरोळे दाम्पत्यानेच लिहिलेले आहे. पुढे सप्टेंबर १९७८ मध्ये तत्कालीन सोव्हिएत संघातील अल्मा-आटा येथे आंतरराष्ट्रीय परिषद झाली आणि प्राथमिक आरोग्य सेवेच्या द्वारे ‘सर्वांसाठी आरोग्य’ हे ध्येय जाहीर करण्यात आले. या परिषदेपूर्वी जी उदाहरणे जगासमोर मांडली गेली, त्यांत जामखेड होते. आरोळे दाम्पत्यास १९७९ मध्ये रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

देशातही विचार त्याच दिशेने चालला होता. श्रीवास्तव समितीने १९७५ मध्ये समाजातूनच आरोग्य कार्यकर्ते निवडण्याची शिफारस केली. २ ऑक्टोबर १९७७ रोजी केंद्र शासनाने दर हजार लोकसंख्येमागे एक आरोग्य कार्यकर्ता नेमण्याची योजना सुरू केली. भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषद व भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद यांच्या संयुक्त अभ्यासगटाचा ‘सर्वांसाठी आरोग्य’ या विषयावरील अहवाल १९८१ मध्ये पुण्याच्या भारतीय शिक्षण संस्थेने प्रसिद्ध केला. राष्ट्रीय आरोग्य धोरण १९८३ मध्ये आले. छत्तीसगढमध्ये २००२ मध्ये ‘मितानिन’ योजना सुरू झाली. अखेरीस १२ एप्रिल २००५ रोजी राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाचा प्रारंभ झाला आणि ‘आशा’ ही देशव्यापी व्यवस्था उभी राहिली. आज देशात दहा लाखांहून अधिक आशा काम करीत आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२२ मध्ये त्यांचा गौरव केला. जामखेडच्या पहिल्या गावांपासून येथवर पस्तीस वर्षे लागली.

मापनाच्या पद्धती

एवढ्यावरून ‘आशा’ हे जामखेडचे फळ आहे, असे म्हणता येईल काय? येथे सावधगिरी बाळगली पाहिजे. त्याच काळात पंजाबात नारंगवाल, महाराष्ट्रात कासा, मांडवा व मिरज येथेही असे प्रयोग चालू होते. चीनमधील ‘अनवाणी डॉक्टरां’ची कल्पना जगभर गाजत होती. अनेक ओढे मिळून नदी होते, तेव्हा तिच्या पाण्यातील अमुक घागरी अमुक ओढ्याच्या, असे सांगता येत नाही. म्हणून या विषयाचे अभ्यासक ‘श्रेय कोणाचे’ असे न विचारता ‘वाटा कोणता’ असे विचारतात.

हा वाटा शोधण्याचे दोन मार्ग आहेत. पहिल्यात संशोधनापासून पुढे जावयाचे असते. अमुक निष्कर्ष प्रसिद्ध झाला, तो कोणी वाचला, कोणत्या समितीसमोर गेला, कोणत्या अहवालात त्याचा उल्लेख आला, हे क्रमाने पाहावयाचे. दुसऱ्यात धोरणापासून मागे जावयाचे असते. शासन निर्णय समोर ठेवून त्यातील प्रत्येक तरतुदीला आधार कोठून मिळाला, हे कागदपत्रांवरून आणि संबंधितांच्या मुलाखतींवरून शोधावयाचे. पहिला मार्ग संशोधनाचे महत्त्व फुगवण्याची भीती असते, कारण शोधणारा यशाच्याच खुणा वेचतो. दुसऱ्या मार्गाने गेल्यास राजकीय निकड, उपलब्ध निधी, प्रशासनाची सोय, लोकांची मागणी यांचाही हिशेब लागतो. दोन्ही मार्ग एकत्र वापरल्यासच चित्र विश्वसनीय ठरते.

अमेरिकेतील समाजशास्त्रज्ञ कॅरल वाइस यांनी १९७९ मध्ये संशोधनाच्या उपयोगाचे अनेक अर्थ असतात, हे दाखवून दिले. कधी एखादा निष्कर्ष थेट निर्णयात उतरतो. कधी तो निर्णयात दिसत नाही, पण प्रश्नाकडे पाहण्याची दृष्टी हळूहळू बदलतो. तर कधी आधीच घेतलेल्या निर्णयाला पाठबळ म्हणून संशोधनाचा दाखला दिला जातो. केवळ अहवालातील उल्लेख मोजले तर तिसऱ्या प्रकाराला सर्वाधिक गुण मिळतील आणि दुसऱ्याला जवळजवळ शून्य. जामखेडचा प्रभाव मुख्यतः दुसऱ्या प्रकारचा आहे. ‘निरक्षर बाई काय औषधपाणी करणार?’ हा प्रश्न १९७० मध्ये स्वाभाविक वाटत होता. पुढच्या दशकांत तो तसा राहिला नाही. हा बदल कोणत्याही तळटीपेत सापडत नाही.

ब्रिटनमध्ये मार्टिन बक्स्टन व स्टीफन हॅनी यांनी १९९० च्या दशकात संशोधनाच्या फलिताची पाच कप्प्यांत नोंद करण्याची पद्धत मांडली : ज्ञानात पडलेली भर, पुढील संशोधनाला मिळालेली दिशा व तयार झालेली माणसे, धोरणास मिळालेला आधार, आरोग्यात झालेली सुधारणा आणि समाजाला झालेला आर्थिक लाभ. या पद्धतीचा गुण असा की एका कप्प्यातील यश दुसऱ्यात आपोआप जमा होत नाही. लेख गाजला म्हणून धोरण बदलले असे होत नाही आणि धोरण बदलले म्हणून बालके वाचली असेही होत नाही. प्रत्येक पायरीचा पुरावा स्वतंत्रपणे द्यावा लागतो.

गडचिरोलीचा स्पष्ट मार्ग

प्रभावाचा माग कोठे अधिक स्वच्छ दिसतो, हे पाहण्यासाठी राज्याच्या दुसऱ्या टोकाकडे वळावे लागेल. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने १९९३ ते १९९८ या काळात ३९ गावांत नवजात बालकांच्या घरगुती सेवेचा प्रयोग केला आणि ४७ गावे तुलनेसाठी ठेवली. प्रशिक्षित ग्रामीण स्त्रियांनी घरोघरी जाऊन बालकांची तपासणी केली, जंतुदोष ओळखला व उपचार केले. प्रयोगाच्या गावांत नवजात मृत्युदर हजारी ६२ वरून २५.५ वर आला. तुलनेच्या गावांत तो ५७.७ वरून ५९.६ झाला. तुलनेने पाहता तिसऱ्या वर्षी ही घट ६२ टक्के होती. डिसेंबर १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले.

त्यानंतर हीच पद्धत इतरत्र पडताळून पाहण्यात आली. २००९ मध्ये जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांनी नवजात बालकांसाठी गृहभेटींची संयुक्त शिफारस केली आणि २०११ मध्ये भारत सरकारने आशामार्फत ही सेवा देशभर लागू केली. प्रसिद्धीपासून धोरणापर्यंत बारा वर्षे लागली. येथे आरंभापासून तुलनेची गावे होती, प्रश्न नेमका होता आणि सेवा घरोघर पोहोचविणारी आशा तोपर्यंत तयार झालेली होती. जामखेडच्या धर्तीची व्यवस्था आधी उभी राहिली, म्हणूनच गडचिरोलीच्या निष्कर्षाला चालायला पाय मिळाले. एकाच संशोधनाचा प्रभाव स्वतंत्रपणे मोजू पाहणाऱ्याच्या हातून नेमकी हीच गोष्ट निसटते.

काय घेतले, काय राहिले

प्रभाव मोजताना धोरणाने संशोधनातून काय घेतले याबरोबरच काय सोडले, हेही नोंदले पाहिजे. १९७७ ची योजना या दृष्टीने बोधप्रद आहे. गावातीलच माणूस नेमावा हे तत्त्व तिने स्वीकारले. परंतु निवड झालेल्यांत बहुसंख्य पुरुष होते. प्रशिक्षण तीन महिन्यांचे आणि मानधन दरमहा ५० रुपये होते. गर्भवती माता व तान्ह्या मुलांपर्यंत पोहोचण्याचे काम पुरुष कार्यकर्त्याला कठीण जावे, यात नवल नव्हते. योजनेचे नाव बदलले, पुढे तिचा केंद्रीय आधारही गेला. कागदोपत्री पाहिले तर कल्पना स्वीकारली गेली होती. तिचा प्राण मात्र मागेच राहिला होता.

‘आशा’ने ही उणीव दूर केली. कार्यकर्ती स्त्री असावी, त्याच गावची रहिवासी असावी, तिची निवड ग्रामपंचायतीच्या माध्यमातून व्हावी, असे ठरले. तरीही फरक राहिलेच. जामखेडला निरक्षर स्त्रीलाही स्थान होते. आशासाठी आठवी उत्तीर्ण ही अट आली. जामखेडला दर आठवड्याला वर्षानुवर्षे शिक्षण चाले. आशाचे पहिल्या वर्षाचे प्रशिक्षण टप्प्याटप्प्याने २३ दिवसांचे ठरले. आशाचा मोबदला मुख्यतः ठरावीक कामांशी जोडला गेला, त्यामुळे ज्या कामाला मोबदला नाही ते मागे पडण्याचा धोका निर्माण झाला. गडचिरोलीच्या स्त्रिया जंतुदोष झालेल्या बालकास प्रतिजैविकाचे इंजेक्शन देत असत. राष्ट्रीय कार्यक्रमात ते काम आशाकडे सोपविले गेले नाही. २०१४ च्या सूचनांनुसार विशिष्ट परिस्थितीत ते आरोग्य सेविकेकडे देण्यात आले. या बदलांमागे व्यवस्थेची काही कारणे असतील. परंतु ६२ टक्के घट ज्या उपाययोजनेने झाली, तिचा एक भाग वगळून तेवढ्याच फलाची अपेक्षा करणे योग्य नव्हे.

गावपातळीवरील जबाबदारी

यावरून संशोधन व धोरण यांच्या साखळीचे शेवटचे टोक मंत्रालयात नसून गावात आहे, हे लक्षात येईल. तेथील नोंद खरी नसेल तर वरचा सर्व हिशेब खोटा ठरतो. जन्मून काही तासांत दगावलेल्या बालकाची अनेकदा जन्म म्हणूनही नोंद होत नाही आणि मृत्यू म्हणूनही होत नाही. जन्म व मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत व्हावी, असा १९६९ च्या अधिनियमाचा दंडक आहे. ग्रामपंचायतीची नोंदवही, अंगणवाडीची वही आणि आशाची वही या तिन्ही वर्षातून काही वेळा शेजारी ठेवून पाहिल्या, तर राहून गेलेली नावे ध्यानात येतात. ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समितीच्या बैठकीत हे काम होऊ शकते. शिक्षकांनाही पहिलीच्या पटाशी जन्मनोंदी ताडून पाहता येतील.

अधिकाऱ्यांच्या बाबतीत एक पथ्य सुचविता येईल. आशाने किती भेटी दिल्या हे विचारताना त्या भेटींत वजन झाले काय, आजारी आढळलेले बालक रुग्णालयात पोहोचले काय आणि ते जगले काय, हेही विचारावे. भेटींची संख्या हे धोरण गावात पोहोचल्याचे माप आहे. संशोधन सफल झाल्याचे माप त्या बालकाचे जगणे हेच होय. आकडा कमी दिसावा म्हणून एखादा मृत्यू लपविला गेला, तर पुढच्या बालकाला वाचविण्याचा मार्गही त्याबरोबर लपतो. कमी आकड्याबद्दल बक्षीस देण्याऐवजी पूर्ण नोंदीबद्दल गौरव करण्याची प्रथा म्हणूनच अधिक हितावह ठरेल.

जामखेडच्या पहिल्या आरोग्य कार्यकर्त्यांपैकी अनेकींना लिहिता येत नव्हते. परंतु गावात कोणत्या घरी कोण गर्भवती आहे, कोणाचे मूल वाळत चालले आहे, हे त्यांना मुखोद्गत असे. जगाच्या आरोग्य धोरणाला दिशा देणाऱ्या संशोधनाची सुरुवात या माहितीपासून झाली. आज वह्या आहेत, रकाने आहेत, यंत्रेही आहेत. त्यांत भरली जाणारी माहिती तितकीच खरी असावी, एवढी काळजी प्रत्येक गावाने घेतली, तर पुढील धोरणाचा आधार भक्कम राहील.